आठव्या रिळाचं शेपूट

डबिंगच्या स्टुडिओत त्याला सगळे घसा म्हणत. बारा महिने गळ्याला मफलर, हातात कोमट पाण्याचा थर्मास, आणि आवाज असा की ऐकणारीने हातातलं काम खाली ठेवावं. आरशात मात्र एक टकलू, पोट सुटलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस दिसे. परदेशी सिनेमांतल्या देखण्या नायकांना तो आपल्या भाषेत बोलतं करी. नायिकांना बोलतं करी ती लवंग. तिच्या दाढेखाली कायम एक लवंग असे, म्हणून ते नाव.

माइक एकच. सकाळी घसा आपली वाक्यं बोलून जाई. दुपारी लवंग येऊन, त्याची वाक्यं कानात ऐकत, आपली बोले. कागदावर ज्याची त्याची वाक्यं. अख्खी गोष्ट ठाऊक फक्त दिग्दर्शकबाईंना. पाच वर्षांत दोघांनी पडद्यावर ढीगभर संसार थाटले, पण प्रत्यक्षात गाठ पडली ती जिन्यात चार-सहा वेळा, तीही "बरंय ना?" एवढ्यापुरती.

खरं बोलणं चाले ते शेपटात. रिळातलं शेवटचं वाक्य संपलं तरी फीत थोडी फिरत राहते. त्या तुकड्याला रेकॉर्डिस्ट शेपूट म्हणे. एकदा घशाने गंमत म्हणून त्यात सोडून दिलं, "नायकाची मिशी सुटतेय, हसू नका." तिने आपल्या शेपटात उत्तर ठेवलं, आणि दुसऱ्या सकाळी रेकॉर्डिस्टने ते त्याला ऐकवलं. तेव्हापासून हा उद्योगच होऊन बसला. "माझ्या फितीचं पोस्ट ऑफिस केलंय!" रेकॉर्डिस्ट कुरकुरायचा. पण शेपूट सुरू झालं की तो हेडफोन काढून ठेवी. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, एवढी रीत त्याला होती.

या खेपेचा सिनेमा रडका होता. चिठ्ठी एक दिवस उशिरा पोचते आणि दोघांची ताटातूट होते, एवढं घशाला आपल्या पानांवरून कळलं होतं. "एक दिवस! असं कुठे घडतं का हो?" तो म्हणे. "लेखकाला दुसरं काही सुचलं नाही."

गुरुवारी सकाळी त्याने तिचं बुधवारचं शेपूट ऐकलं.

"दादाने स्थळ आणलंय. माणूस चांगला आहे म्हणे, लांब राहतो. उद्या नाही, परवा, शुक्रवारी संध्याकाळी दादा उत्तर विचारायला येणार. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर म्हणा."

घशाने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. म्हणायचं तर होतंच. पाच वर्षं ओठांवर होतं. पण हा पडला नायकांचा आवाज! सातव्या रिळाला, मध्येच कसं बोलायचं? उद्या आठवं, शेवटचं रीळ. सिनेमा संपवायचा आणि मग बोलायचं. दुपारी ती ऐकेल, संध्याकाळी दादाला नाही म्हणेल. सगळं कसं पडद्यावरच्यासारखं. आजचं शेपूट रिकामं जाऊ नये म्हणून सवयीने म्हणाला, "नायिकेच्या टोपीवर खरा पक्षी बसलाय वाटतं. दाणे टाका."

ती विचारते काय, आणि हा शहाणा सांगतो काय!

शुक्रवारी रेकॉर्डिस्ट म्हणाला, "तिचं कालचं लावू?"

"नको, आधी माझं होऊ दे."

पडद्यावर नायकाचा नुसता चेहरा होता. "ऊठ ना. गाडी आलीय बघ. किती झोपशील?" घसा अगदी लाडात बोलला. मग शेपूट फिरायला लागलं. "दादाला नाही म्हणा," तो म्हणाला. "टक्कल आहे, पोट आहे, पण मी आहे." आणि रेकॉर्डिस्टला "उद्या ऐकतो" म्हणत दोन-दोन पायऱ्या उतरून गेला.

शनिवारी बाईंनी एका वाक्यासाठी बोलावलं होतं. तो नवा शर्ट घालून तासभर आधीच हजर. रोज सकाळी माइकच्या स्पंजला लवंगेचा वास असायचा. आज नव्हता.

"तिचं कालचं लाव."

"काल ती कुठे होती? तिचं गुरुवारीच संपलं. सातव्या रिळात मरते ना नायिका."

"अरे, मी तिच्याशी बोललो की! ऊठ म्हणालो!"

"मढ्याशी बोललास लेका. म्हणून तर बाईंनी बोलावलंय."

घशाने तिचा नंबर मागून तिथूनच फोन लावला. दादाने उचलला. आवाज आनंदात होता. "ती ना? खरेदीला गेलीय. काल होकार दिला तिने. आपण कोण?"

"कामावरचा," घसा म्हणाला. फोन ठेवला आणि म्हणाला, "गुरुवारचं लाव."

आधी नुसती खरखर आली. मग तिचं छोटंसं हसू, उगाच आणलेलं. "टाकले हो दाणे." आणि थोड्या वेळाने, "समजलं मला."

तेवढ्यात बाई आल्या. "अरे घसा, ती गेलीय. त्याला ठाऊक आहे, तरी उठवतोय. कळतंय का?"

"कळलं," तो म्हणाला.

एका दमात झालं. बाईंनी डोळे पुसले. "गाढवा, हे काल का नाही दिलंस?"

शेपूट फिरायला लागलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने रीतीप्रमाणे हेडफोन काढले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. घशाने काचेवर टकटक केली आणि फीत बंद करायची खूण केली.