मावशींचं नाव

छबी अडीच वर्षांची झाली तरी डायपर सुटेना. बालवर्गात प्रवेश हवा, तर महिन्याभरात सुटायलाच हवा होता. तिची आई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. लोकांच्या लेकरांना गोडीगुलाबीने सुई टोचणारी बाई, पण पोटच्या पोरीपुढे तिने हात टेकले होते. पॉटी दिसली की छबी पडद्यामागे. "नाही बशणार!"

एका सकाळी ड्युटीला उशीर होत होता. आईने छबीला उचलून पॉटीवर आदळलं, खांदे दाबून धरले आणि ओरडली, "झाल्याशिवाय उठायचं नाही!" छबी रडून रडून लालेलाल झाली. झालं काहीच नाही. पुढचे चार दिवसही नाही. शी आली की ती पाय आवळून भिंतीला चिकटायची.

पाचव्या दिवशी आईबाबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "घाबरून धरून ठेवतेय. कोणी बळजबरी केली का?"

आईच्या तोंडून निघून गेलं, "पाळणाघरातल्या मावशी जरा कडक आहेत."

बाहेर पडताच बाबा उसळला. "आत्ताच जाब विचारतो त्यांना."

"राहू दे ना."

"राहू दे काय? लेकराचे हाल केले बाईने!"

मावशी पाळणाघराच्या दारात दुपटी वाळत घालत होत्या. छबी बाबाच्या कडेवरून थेट त्यांच्याकडे झेपावली. "दुखतंय का गं माझ्या राणीला?" म्हणत त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. बाबाने बोलायला तोंड उघडलं आणि आई मध्ये आली.

"मी केलं," ती म्हणाली. "मी दाबून धरलं तिला. आणि मावशी, डॉक्टरांपुढे तुमचं नाव घेतलं."

मावशी छबीची पाठ थोपटत होत्या. थोपटता थोपटताच म्हणाल्या, "दीड वर्ष सांभाळतेय हो हिला." एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईने तिथूनच डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं. औषध सुरू झालं, बालवर्ग वर्षभर लांबला. तीन आठवड्यांनी छबी आपणहून बाथरूमपाशी गेली. "बाबा, शी!"

आई धावली. छबीने फ्रॉक मुठीत आवळला. "तू नको."

"बरं," आई म्हणाली. बाबा आत गेला. दाराबाहेर ती जमिनीवर बसून राहिली.