जीपमागची म्हैस

अगं, नुसतं ऐक, मध्ये बोललीस तर माझा धागा तुटेल.

आमच्या शेजारची बिल्लेवाली माहितीये ना? जंगलाचं नॅशनल पार्क झालं तेव्हा घरटी एकाला गाइडचं काम मिळालं. त्या घरात ते सुनेनं घेतलं. छातीवर पितळी बिल्ला, म्हणून सासूच तिला बिल्लेवाली म्हणायला लागली. कौतुकानं नाही हं!

तर त्या दिवशी पहाटेच दोघींची जुंपली.

"वाघाला हिरवं कुरण आणि माझ्या म्हशीला वाळका पाला! कुठला हा न्याय?"

"आत्या, वाघ गवत खात नाही."

"तेच म्हणते मी! खात नाही तर अडवून कशाला बसलाय मेला?"

"आत आपलं जनावर दिसलं तर वर्षभर गाइडचं काम बंद. गावानं ठरवलंय."

"गावानं? सभेत घसा कुणी फोडला होता गं?"

हे मात्र खरं. नियम तिनंच मांडला होता. जनावरं आत शिरली की हरणांना चारा उरत नाही, हरणं गेली की वाघ जातो, वाघ गेला की पाहुणे, आणि मग पोरं पुन्हा शहरात हमालीला. सगळ्यांना पटलं. गेल्या महिन्यात कुंभारणीच्या शेळ्या आत दिसल्या, त्याही हिनंच गेटवरच्या रजिस्टरात लिहिल्या आणि त्या घरचं काम बंद झालं. तेव्हापासून कुंभारीण हिला बघून तोंड फिरवते.

तर हिची जीप निघाली. मागे चार पाहुणे. दोन तास झाले, मोर सोडून काही नाही. पाणवठ्यापाशी आले तर चिखलात वाघाचे ठसे, इतके ताजे की त्यांत पाणी अजून झिरपत होतं. वरून वानर ओरडायला लागलं. सगळे श्वास रोखून बसले. झुडपं हलली. आणि बाहेर आली कोण? हिची म्हैस! गवताचा घास तोंडात, मजेत!

"रानम्हैस का हो?" चष्मेवाल्या पाहुणीनं विचारलं.

जीपवाल्यानं आरशातून हिच्याकडे बघितलं. त्यानंही ओळखली होती. "हो म्हण," तो पुटपुटला. "हो म्हण, मी गाडी काढतो."

कात्रीत सापडली बघ ती. हो म्हणून निघावं तर म्हैस वाघाच्या घशात. खाली उतरून हाकावी तर जीपमधून उतरायला बंदी. मग तिनं काय केलं, दूध काढताना रोज घालते तशी साद घातली. "हे ये, ये, ये गं बये!" म्हशीनं कान टवकारले आणि निघाली की जीपच्या मागे! पुढे जीप चालीच्या वेगानं, मागे म्हैस डुलत डुलत. पाहुणे पोट धरून हसतायत, फोनवर शूटिंग करतायत, आणि ही घामाघूम, नजर सगळी मागच्या झाडीवर.

गेटवर गार्ड उभा. आणि शेजारी सासू, हातात दावं! रागाच्या भरात तिनंच म्हैस सोडली होती, मग जीव घाबरला, सकाळभर शोधत होती.

"कुणाची ही?" गार्डनं विचारलं.

म्हातारीनं सुनेच्या बिल्ल्याकडे बघितलं. म्हैस येऊन तिचा हात चाटायला लागली. तिनं हात मागे ओढला.

"मला काय माहीत? आमची नाही. घाला कोंडवाड्यात."

तिच्याच हातानं भरवून वाढवलेली म्हैस गं!

गार्ड काय आंधळा होता? पण माणूस भला. "मग बेवारस लिही," म्हणाला आणि रजिस्टर, पेन सुनेपुढे सरकवलं. पानावर शेवटची ओळ कुंभारणीच्या शेळ्यांची. तिच्याच अक्षरातली.

तिनं खाली स्वतःच्या घराचं नाव लिहिलं. बिल्ला काढला, पानावर ठेवला.

म्हशीला घेऊन दोघी घरी निघाल्या. दारात पोचताच सासू फुटली. "जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही तुझ्यासाठी! आणि तू ते मातीत घातलंस!"

आता रोज बांधाबांधानं गवत कापत फिरते बिल्लेवाली. आणि कुंभारीण? ती अजूनही बोलत नाहीच!

सांग ना, पेन तुझ्या हातात असतं तर तू काय लिहिलं असतंस?