मानेमागचा आरसा

मी एक जुना हातआरसा आहे. जुना म्हणालो, निकामी नाही! एका सुताराने मला लाकडी चौकटीत बसवलं, धरायला मूठ लावली आणि एका सलूनवाल्याने मला उचललं. तेच माझे मालक. केस कापून झाले की गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायचं आणि समोरच्या मोठ्या आरशात त्याला त्याचीच मान दाखवायची, हे माझं काम. मित्रांनो, स्वतःची मान कुणालाच दिसत नाही, त्यामुळे माझ्यावाचून सगळ्यांचंच अडतं.

पण खरं सांगू? गिऱ्हाइकं बघतच नाहीत. "छान, छान" म्हणत नुसती मुंडी हलवतात आणि उठतात. "छान म्हणजे, सोडा आता एकदाचं!" असं मालक हसून म्हणायचे.

मग मालकांच्याच मानेवर गाठ आली. डॉक्टरीणबाईंनी छोटीशी शस्त्रक्रिया करून ती काढली, तपासून घेतली आणि घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं. टाके सुकेपर्यंत घरी आराम. सलूनला कुलूप लागलं आणि माझी रवानगी घरच्या कपाटात झाली. अंगावर धूळ बसली. वाईट वाटलं, पण आपली वेळ येणार हे मला ठाऊक होतं.

मालकीणबाई रोज पट्टी बदलायच्या आणि म्हणायच्या, "छान भरतेय हो जखम." तिथेच घोळ झाला. आयुष्यभर न बघता म्हटलेलं 'छान' ऐकलेला माणूस तो! मालकांच्या मनाने घेतलं की जखम चिघळलीय आणि बायको लपवतेय. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. लेकीने मोबाईलवर फोटो काढून दाखवला, तर म्हणाले, "फोटोत हल्ली काहीही करता येतं."

एका सकाळी पट्टी सोडल्यावर बाईंचा संयम सुटला. "माझ्यावर विश्वास नाही ना तुमचा? मग स्वतःच बघा!" त्यांनी मला बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसलं, मालकांना भिंतीवरच्या आरशापुढे बसवलं आणि मला मागे धरलं.

"अगं, जरा डावीकडे. आता थोडा तिरका कर. हां, बास."

मालकांनी पाहिलं, अगदी डोळे फाडून पाहिलं. टाक्यांची बारीक, कोरडी रेघ. सूज नाही, लाली नाही. त्यांचे डोळे भरून आले. मलाही फार बरं वाटलं. आणि मग त्यांच्या भुवया चढल्या.

"हे केस कुणी कापलेत? एकीकडे टेकाड, एकीकडे खड्डा!"

"दवाखान्यात कापलेत. टाके घालायचे होते तुम्हाला, नवरदेव नव्हतं करायचं!"

मालक इतके हसले की बाईंना ओरडावं लागलं, "अहो, टाके!" मग ते म्हणाले, "वाढ काहीतरी. भूक लागलीय."

आता सलून पुन्हा सुरू झालंय. गिऱ्हाइकाने न बघताच मुंडी हलवली, तर मालक मला तिथून हलवतच नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद पडून असेल, तर त्याला पुसून ठेवा. आणि कुणाला 'छान' म्हणायचं असेल, तर आधी नीट बघा आणि मगच म्हणा.