कांताबाईंची पांढरी माती

"अगं, कोण हाय वर?"

माळवदात, घराच्या मातीच्या सपाट छतात, उजेडासाठी ठेवलेल्या ताटाएवढ्या भोकातून रखमाजींचा आवाज आला. कांताबाईंनी फावडं थांबवलं आणि भोकावर ओणवून खाली पाहिलं. बाजेवर नवऱ्याचा चेहरा, नि त्या चेहऱ्यावर मातीचा भुरका. खाली माणूस असताना वर फावडं मारायचं नाही, असं शेजारच्या अर्पितानं काल बजावलं होतं. घाबरलेल्या जिवाला ते आठवलंच नव्हतं.

"मी हाय. बाहीर चला म्हणून सकाळधरनं सांगून राह्यले. तुमी ऐकंना, मंग चढले."

"उतर खाली. माती काढली तर घर हलकं हुईल. जड घर हलत न्हाई."

"परवा हललं की."

"हललं. पडलं का?"

जड घर पडत नाही, टेंभुर्णीत सगळे हेच म्हणत. कांताबाईही जन्मभर हेच म्हणत आल्या होत्या. उन्हाळा सरत आला की गावातल्या बाया त्यांना बोलवायच्या. माळवद गळू नये म्हणून घमेल्याघमेल्यानं पांढरी माती वर न्यायची, पसरायची, पाणी शिंपडून चोपणीनं चोपायची. जुना थर काढायची रीत नव्हती, त्याच्यावरच नवा. कांताबाईंचा हात लागलेलं माळवद गळत नाही, अशी त्यांची ख्याती. देवाची सेवा समजून त्यांनी ते काम केलं, ओठांवर नाम ठेवून.

आणि आता जमिनीखालून जात्यासारखी घरघर येऊ लागली होती. परवा पहाटे धक्का बसून भांडी फळीवरून खाली आली. तेव्हापासून कांताबाई गल्लीतून जाताना घरांकडे बघत नसत, घरांच्या डोक्यावर बघत. बहुतेक घरांवर त्यांचीच माती.

शेजारच्या धर्मराजची मुलगी अर्पिता जालन्याला इमारती बांधण्याचं शिक्षण घेत होती. सुट्टीला आली होती. काल कांताबाईंनी तिला घर दाखवलं, तेव्हा तिनं अंगणातलं घमेलं उचलून विचारलं, "आजी, हे भरून डोक्यावर घेतलंय आन कुणी बाजूनं ढकललं, तर?"

"आडवी हुईन मी."

"आन रिकामं असलं तर?"

"सावरीन."

"मंग घराचं बी तसंच. जमीन बाजूला सरकती, डोक्यावरचं ओझं जागच्या जागी राहू बघतं. मधल्या मध्ये भिंत फुटती. तुमची भिंत दगडमातीची, तिला तेवढा जोर न्हाई. माती उतरवा, वीतभरच ठेवा. मंग दाराच्या वर चारी भिंतींभोवती सळई-सिमेंटचा पट्टा फिरवू. लेकराच्या कमरेला करदोडा असतो ना, तसा घराला."

"मंग पडत न्हाई ना, बाई?"

अर्पितानं घमेलं खाली ठेवलं. "पडणारच न्हाई असं मी कशी म्हणू? आतल्या माणसाला बाहीर पडायला वेळ मिळावा, येवढ्यासाठी हे समदं."

बाहेर पडायला वेळ. रखमाजींची मांडी मोडल्याला वर्ष होत आलं होतं. त्यांना कुणी उचलायला लागलं की आधीच ते दात आवळत. घर जड आहे म्हणून हलत नाही, हे ते सांगत. पण उचलताना कळा येतात, हे कधी सांगत नसत. कांताबाईंना ते ठाऊक होतं. चव्वेचाळीस अंशांच्या झळा, आतला गारवा, बाहेर माशा, रोज नवं निमित्त.

कांताबाई शिडीवरून उतरल्या, आत आल्या नि बाजेच्या कडेला बसल्या.

"आता काय?" रखमाजी म्हणाले.

"काय न्हाई. तुमी हितं, मंग मी बी हितं."

"तू जा बाहीर."

"एकलीनं बाहीर बसून काय बघायचं मला?"

रखमाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पांडुरंगा, पांडुरंगा, एवढंच कांताबाईंच्या आत चाललं होतं.

आणि घरघर आली. आधी लांबून ट्रक यावा तशी, मग थेट बाजेच्या पायांतून. छताच्या लाकडी सऱ्या करकरल्या. माती भसाभसा सांडायला लागली. कांताबाई पळाल्या नाहीत. त्या नवऱ्याच्या तोंडावर पालथ्या झाल्या, पदरासकट.

थांबलं तेव्हा पदराखालून आवाज आला. "बोलीव धर्माला. जल्दी."

धर्मराज दोन गड्यांना घेऊन धावत आला. "चला मामा, नवरदेवागत मिरवत नेतो तुमाला."

"जपून धर रं, नवरदेवाची तंगडी मोडकी हाय."

बाज उचलली तेव्हा रखमाजी ओरडले नाहीत. त्यांनी कांताबाईंचा हात धरला, एवढा घट्ट की बांगडी रुतली.

मग गडी माळवदावर चढले. अर्पिता खालून सांगत होती, "एका अंगानं नका काढू. दोन्हीकडून सारखी उतरवा." दिवसभर माती पडत राहिली. खणलेल्या कडेला थरावर थर दिसत होते. संध्याकाळी अंगणातला ढीग दारापेक्षा उंच झाला. लिंबाच्या सावलीतून रखमाजी तो बघत राहिले.

"येवढं हुतं व्हय आपल्या उरावर," ते हळू आवाजात म्हणाले.

तेवढ्यात पलीकडच्या आळीतली वंदना घमेलं घेऊन आली. "काकू, ही माती नेते थोडी. मुरलेली हाय, बराबर बसंल. मागच्या पावसाळ्यात बाळ निजतं तिथंच गळत हुतं."

"न्हाई," कांताबाई म्हणाल्या.

वंदनाला वाटलं, थट्टाच. तिनं घमेलं टेकवलं.

"न्हाई म्हणते ना. आता माळवदावर माती चढवू नको बाई. हाय ती बी उतरव. बाळाला बाहीर निजव."

"दुपारच्या उन्हात निजवू? न्हाई द्यायची तर न्हाई म्हणा. जल्म गेला तुमचा आमच्या डोक्यावर माती चढवण्यात, आन आज मातीला महाग झाल्या."

ती फणकाऱ्यानं निघाली, पण कोपऱ्यावर थांबली. तिच्या मागून आणखी दोघी येत होत्या, घमेली काखेत धरून. फुकटच्या मुरल्या मातीची बातमी गावभर झाली होती.

कांताबाई उठल्या आणि ढिगावर जाऊन बसल्या.

पारावर सप्त्याचं कीर्तन सुरू झालं. मृदंगावर थाप पडली. देवळाच्या मंडपात बसायला आता कुणी धजत नव्हतं, म्हणून ते उघड्यावर होतं. कीर्तनकार सत्यशीलाताईंचा आवाज झाडांवरून तरंगत आला. ह्या बाईंचं कीर्तन असलं की कांताबाई पुढच्या रांगेत असायच्याच.

"जा तू," रखमाजी म्हणाले. "मी राखतो."

"तुमी कुणाला आडवणार, बाजेवरनं?"

गजर सुरू झाला. सारा पार टाळ्यांनी भरून गेला. कांताबाईंचे ओठ हलत होते, पण टाळी वाजली नाही. दोन्ही तळवे त्यांनी मातीवर सपाट टेकवले होते, खाली काही हलतं का ते बघत.