ओल्या पावलांचं मुखपृष्ठ

सकाळी अकराला प्रकाशकांचा फोन आला, तेव्हा मनी चहाचा दुसरा कप घेऊन नुकतीच टेबलाशी बसली होती. मनी हे घरातलं नाव. गेली नऊ वर्षं ती पुस्तकांची मुखपृष्ठं करत होती. प्रकाशक एरवी आधी इकडचं तिकडचं बोलायचे, मग कामाचं. आज मात्र त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. चाळिशी उलटलेल्या बायकांना पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंचं आत्मचरित्र रविवारी प्रकाशित व्हायचं होतं. आतली पानं छापून झाली होती. मुखपृष्ठावर निळ्याशार पाण्यात सूर मारणारी एक सडपातळ मुलगी होती. बाईंनी ते आज पाहिलं आणि विचारलं, ही कोण? मी हिला ओळखत नाही. आता नवं मुखपृष्ठ चारपर्यंत छापखान्यात पोचलं तरच रविवार गाठता येणार होता.

मनी 'करते' म्हणून मोकळी झाली. फोन ठेवल्यावर तिला हसूच फुटलं. एरवी नुसता रंग ठरवायला ती पाच दिवस लावायची, आणि इथे सगळं मिळून पाच तास होते.

तिनं बाईंचं पुस्तक, 'तळ सोडताना', भराभर वाचायला घेतलं. दुसऱ्याच प्रकरणात ती थबकली. तळवे सपाट आहेत म्हणून बाईंना तरुणपणी व्यायामशिक्षिकेची नोकरी नाकारली होती. 'पाण्यात उतरले, तर तिथे माझे तळवे कुणी तपासले नाहीत,' असं त्यांनी लिहिलं होतं. तेवढ्यात चार दिवस राहायला आलेली नणंद न्हाणीघरातून बाहेर आली. तिच्या मागे फरशीवर ओली पावलं उमटत गेली. एरवी मनीनं पाय पुसायचं बजावलं असतं. आज ती त्या ठशांकडे बघत खुर्चीतून उठलीच.

बाईंना फोन केला, तर त्या तलावावरच होत्या. नणंदेच्या स्कूटरवरून दोघी तिथे पोचल्या तेव्हा साडेबारा झाले होते. बाई ठेंगण्या, भक्कम, पंचाहत्तरीच्या. मनीला काय हवंय ते ऐकून त्या सरळ पाण्यात शिरल्या, बाहेर आल्या आणि काठाच्या करड्या फरशीवरून चालत गेल्या. पावलं उमटली, अख्खी, मधे कमानीची जागाही न सोडता भरलेली. पण ऊन असं होतं की मनी कॅमेरा नीट धरेपर्यंत बोटांचे ठसे वाळून जायचे. नणंदेनं छत्री धरून सावली केली, तर पावलांचा रंगच फरशीत मिसळून गेला. बाई पुन्हा पाण्यात. असं चौदा वेळा झालं. चांगले फोटो मिळाले होते, तरी मनीचं समाधान होईना. ही पावलं नुसतीच कुठेतरी निघाली होती. पाणी मागेच राहत होतं.

दोन वाजून गेले. बाईंनी दम खायला काठावर बैठक मारली. नणंदेच्या अंगावर पाणी उडून उडून तिचेही पाय ओले झाले होते. ती छत्री घेऊन अगदी कडेला, पाण्याकडे तोंड करून उभी होती. मनीनं तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती सरकली आणि तिच्या पावलांचे दोन ठसे मागे राहिले. टाचा गच्च उमटलेल्या, बोटं मात्र जेमतेम टेकलेली.

बाईंनी वाकून पाहिलं. "पोहता येत नाही ना तुला?"

नणंदेनं मान हलवली.

"पहिल्या दिवशी सगळ्या अशाच उभ्या राहतात," बाई म्हणाल्या. "पुढे तोंड, आणि सगळा भार मागे."

मनीनं कॅमेरा उचलला. तिनं नणंदेला पुन्हा तिथेच उभं केलं, बाईंना शेजारून पाण्याबाहेर यायला सांगितलं आणि दोघी बाजूला होताच पोटावर आडवी पडून फोटो घेतला. पाण्याशी अडखळलेली एक जोडी, आणि पाण्यातून निवांत निघालेली दुसरी. पाचव्या खेपेला ते जमलं.

पुढचं काम तिनं तिथल्या तिकीटखिडकीमागच्या खोलीत लॅपटॉप उघडून केलं. शीर्षक पांढरं, खाली, पाण्यावर. पुस्तकाच्या कण्याची जाडी दोनदा तपासली, मलपृष्ठाचा मजकूर बसवला. बाई ओल्या केसांनी मागे उभ्या होत्या. चित्राकडे बघून त्या म्हणाल्या, "ही मी."

तीन बावन्नला फाइल गेली. प्रकाशकांनी उत्तरादाखल नुसतं 'छापतो' लिहिलं. मनीला घरी जाववेना. नणंदेला वाटेत घरी सोडून, तिचीच स्कूटर घेऊन ती छापखाना गाठायला धावली. पहिला कागद मशीनमधून बाहेर आला, तेव्हा छापखान्याच्या मालकानं न राहवून पावलावर बोट फिरवलं आणि बोट ओलं झालंय का ते पाहिलं.

नणंदेचा फोन आला. कसं आलंय, वगैरे तिनं विचारलंच नाही.

"माझ्या टाचेची भेग दिसते का गं?"

"दिसते. चांगली ठळक दिसते."

मग ती म्हणाली, "असू दे. आणि त्या बाईंचा नंबर पाठव मला."