थोरलीच्या दाराची कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे, मित्रांनो. एका सुताराच्या घरी, त्याच्या थोरल्या मुलीच्या दाराला मी आतून बसवलेली होते.

सुतारानं मला मोडीत निघालेल्या कपाटावरून काढलं, घासून लख्ख केलं आणि थोरलीच्या अभ्यासासाठी नव्या जाडजूड दाराला लावलं. "बघ गं, मुंगीचाही आवाज आत यायचा नाही!" ज्यानं त्यानं ते दार वाखाणलं. आतला आवाजही बाहेर जायचा नाही, हे मात्र त्या गुणी कारागिराच्या ध्यानात आलं नाही. मी दारातच रुतलेली, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू येई.

मग साथ आली. शाळा बंद, सुतारकाम बंद. थोरली मैत्रिणीकडे वही आणायला गेली आणि तिसऱ्या दिवशी आजीला ताप भरला. आजी दवाखान्यातून परतलीच नाही. थोरलीला कुणी बोल लावला नाही. तिचा तिनंच लावून घेतला. दिवसभर मी लागलेली. दाराला पाठ टेकून ती रडे, तिचे हुंदके माझ्या अंगात थरथरत. बाहेर आई मास्क शिवता शिवता म्हणे, "शहाणी गं माझी पोर, पुस्तकातून डोकं वर काढत नाही." देवा, माझा जीव टांगणीला लागला, पण पितळेला वाचा कुठली?

एका दुपारी थोरलीनं दार उघडलं, धाकटीच्या हाती आपली रंगपेटी दिली आणि पुन्हा कडी लावली. त्या पेटीला बोट लागलं तरी एरवी घरात रणकंदन व्हायचं!

धाकटी नाचत गेली. "आई, ताईनं रंगपेटी दिली! म्हणाली, कायमची घे, मला आता लागणार नाही. आणि पापा घेतला माझा. ताईनं! तिला बरंबिरं नाही वाटतं."

शिवणयंत्र थांबलं. आईनं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं आणि ती दाराखालच्या फटीशी वाकली.

"जा ना गं तू," फटीतून बारीक आवाज आला.

"जात नाही. बाळा, जीव द्यावा असं मनात येतं का तुझ्या?"

सुतार दचकला. "अगं, असलं विचारतात का पोरीला?"

"विचारतात. गप्प बसा हो जरा."

आत थोरलीचा बांध फुटला. "येतं. माझ्यामुळे आजी गेली."

"आजी साथीनं गेली, राणी. तू मला हवी आहेस. उघड."

मग गार, ओली बोटं माझ्यावर टेकली. थबकली. आणि मी सरकले.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंशी फोन झाला, पुढे दर आठवड्याला होत राहिला. लगेच ऊन पडलं नाही. कितीतरी दिवस आई तिला डोळ्यांआड होऊ देत नव्हती. सुतारानं थोरलीला विचारूनच मला काढलं. स्क्रू तिनंच ओंजळीत धरले. आपल्या सुबक दाराला वर चौकोन कापताना त्याच्या जिवावर आलं, पण कापला, आणि तिथं जाळी बसवली.

आता मी हत्यारांच्या पेटीत असते. मित्रांनो, तुमच्या घरात एखादं दार फार वेळ बंद असेल, तर वाजवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा वाजवा, मोठ्यांना बोलवा. आणि आत तुम्हीच असाल, तर एका कुणाला तरी सांगा. मी फार जड नसते हो, एका बोटानं सरकते.

काल थोरलीनं रंगपेटी परत मागितली. धाकटी म्हणाली, "कायमची म्हणालीस ना!" असं रणकंदन झालं की आईला मशीन सोडून उठावं लागलं. इतकं गोड भांडण मी जन्मात ऐकलं नव्हतं.