तापीची मावशी

“मी... आई,” पिलार म्हणाली आणि फरशीवर गुडघे टेकून तिने दोन्ही हात पुढे केले.

स्पेनपासून धुळ्यापर्यंत तिने हे दोनच शब्द घोटले होते. विमानात घोटले, मुंबईच्या हॉटेलात घोटले, मग महामार्गावर दिवसभर गाडीत घोटले. आता ते चांगले स्वच्छ निघाले. शिशुगृहाच्या ऑफिसात सगळे श्वास रोखून उभे होते. अधीक्षक रूपाली मॅडम होत्या, दुभाष्याचं काम करणारा समाजसेवक हितेंद्र होता, पिलारचा नवरा आंद्रेस आणि त्यांची सोळा वर्षांची लेक लू होती. दाराशी, त्यांना दत्तक जाणाऱ्या तीन वर्षांच्या तापीला कडेवर घेऊन, सुनंदाबाई उभ्या होत्या. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या आया.

तापीने गोऱ्या बाईला निरखलं. हा चेहरा तिने त्यांनी आधी पाठवलेल्या अल्बममध्ये रोज पाहिलेला होता. ओळख पटली तशी पोरगी खुलली.

“मावशी!” ती ओरडली.

“मावशी नाही गं, आई,” हितेंद्रने हसत दुरुस्त केलं. “ही तुझी आई.”

“नही. मावशी शे,” तापीने ठासून सांगितलं. मग घरच्या माणसाची ओळख करून द्यावी तशी ती सुनंदाबाईंच्या गालावर थाप मारून म्हणाली, “हाई माय. मनी माय.”

हितेंद्रने याचं भाषांतर केलं नाही. करायची गरजही पडली नाही, कारण काही शब्दांना दुभाष्या लागत नाही. पिलारचे पुढे केलेले हात हळूहळू खाली आले. तरी ती हसतच होती, आणि ते हसू बघवत नव्हतं.

पाहुण्यांना चहाला पाठवून रूपाली मॅडमनी दार लावून घेतलं.

“सुनंदाबाई, अल्बम रोज दोनदा दाखवायचा होता. दाखवलात ना?”

“दाखवला ना मॅडम. एक दिवस चुकवला नही.”

“आणि काय सांगितलंत तिला? ह्या बाईंच्या फोटोवर बोट ठेवून काय सांगितलंत?”

सुनंदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“मावशी सांगं,” त्या म्हणाल्या. “मनाकडतीन चुकी झायी मॅडम.”

आता हे खरं की एकोणीस वर्षांत त्यांच्याकडून अशी चूक कधी झाली नव्हती. आयांना मुलांनी मावशी म्हणायचं, हा शिशुगृहाचा पहिला नियम. नवीन आलेल्या आयांना तो शिकवायचं काम खुद्द सुनंदाबाईंचंच. “माय म्हनु देवानं नही,” असं त्या दरडावून सांगायच्या. “पोर जाई तवय तिले बी जड जास, आपले बी.” किती पोरं त्यांनी न्हाऊ घातली आणि गाडीत बसवून दिली. कोणी पुण्याला गेलं, कोणी नागपूरला, दोघी-तिघी साता समुद्रापार गेल्या. सुनंदाबाई फाटकापाशी हात हलवायच्या आणि आत येऊन पुढच्या बाळाची बाटली उकळायला ठेवायच्या. मग यावेळी काय झालं, हे त्यांचं त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

सांगायचंच तर थोडं मागे जावं लागेल. सुनंदाबाई लग्न होऊन बोदवडकडच्या एका भरल्या घरात गेल्या. पाच दीर, दोन नणंदा. घरातली मोठी सून म्हणून सगळे त्यांना वहिनी म्हणत. मुलगा झाला, ललित. तो बोलायला लागला तेव्हा त्याच्या कानावर दिवसभर एकच हाक पडायची, म्हणून तोही त्यांना वहिनीच म्हणू लागला. माय म्हणायचा तो आजीला. अशा घरांत हे असंच चालतं आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. सगळे हसले, सुनंदाबाईही हसल्या. पुढे नवरा गेला, घर फुटलं, त्या धुळ्याला कामाला लागल्या. ललित सुरतेला साड्यांच्या मार्केटात स्थिरावला. गुणाचा पोरगा, दर रविवारी फोन करतो. “वहिनी, जेवली का?” असं विचारतो.

बावन्न वर्षांच्या बाईला पहिल्यांदा कोणी माय म्हटलं असेल तर ते तापीने.

तापी चोपड्याकडच्या एका केळीच्या बागेत सापडली तेव्हा अकरा दिवसांची होती. तापी नदीपलीकडून आली म्हणून तापी. उजवं पाऊल आत वळलेलं. दोनदा ऑपरेशन झालं, महिनोन् महिने प्लास्टर होतं. इथल्या पाच जोडप्यांनी तिची फाइल मागवली आणि पावलाचा फोटो बघून परत केली. सुनंदाबाईंनी ते पाऊल तेल लावून लावून सरळ केलं, असं डॉक्टर थट्टेने म्हणायचे. सुनंदाबाई ते खरंच धरून चालायच्या. दोन वर्षांची असताना मालीश चालू असतानाच पोरगी त्यांच्याकडे बघून “माय” म्हणाली. आजूबाजूला कोणी नव्हतं. सुनंदाबाईंनी तिला दुरुस्त केलं नाही. झालं ते एवढंच. मग अल्बम आला, आणि एका पोरीला दोन माया कशा सांगायच्या? मावशीची जागा तर रिकामी होती. त्या जागी त्यांनी पिलारला बसवलं.

“चौथ्या दिवशी ते लोक निघतील,” रूपाली मॅडमचा आवाज आता खाली आला होता. रागापेक्षा तो सुनंदाबाईंना जास्त लागला. “परक्या घरात ही पोर घाबरून उठेल तेव्हा माय म्हणून हाक मारेल. तिथे तुम्ही असणार आहात का? आणि जी बाई धावत येईल तिला ती मावशी समजणार. तुम्ही चार दिवस रजा घ्या. दुसरी आया बघेल.”

“नको मॅडम. मी दिसनी नही ते पोर वाट दखत बसी,” सुनंदाबाई म्हणाल्या. “मीच लावं, मीच काढसू.”

त्यांनी तापीला व्हरांड्यात मांडीवर घेतलं आणि अल्बम उघडला. पिलारच्या फोटोवर बोट ठेवलं.

“हाई आई शे. तुनी माय.”

“मावशी,” तापी म्हणाली.

“मी खोटं सांगं व्हतं बेटा. हाई माय, मी मावशी.”

पोरीला वाटलं खेळ आहे. ती टाळ्या पिटत म्हणाली, “तू माय! तू माय!” सुनंदाबाई जितक्यांदा नाही म्हणाल्या तितक्यांदा तिने जास्त मोठ्याने हो म्हटलं. शेवटी सुनंदाबाईंनी अल्बम मिटला. बोलून हे निघणार नाही, हे त्यांना कळलं. आणि मग काय करावं लागेल तेही कळलं, कारण नवीन आयांना त्यांनीच ते शिकवलेलं होतं. मूल माय म्हणालं की ओ द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिलार न्याहरी भरवायला बसली. सुनंदाबाई दहा हातांवर कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“माय,” तापीने हाक मारली.

सुनंदाबाईंनी घडी घातली.

“माय, माले पानी दे.”

दुसरी घडी घातली. पाणी पिलारने दिलं. तापीने पेला ढकलला आणि आणखी मोठ्याने हाक मारली. तिला वाटलं असेल ऐकू गेलं नाही. मग ती उठून आली, पदर ओढला, पुढ्यात येऊन वाकून तोंडाकडे बघितलं. “माय? वं माय?” सुनंदाबाईंनी तिचा हात धरून तिला पिलारपाशी नेऊन बसवलं आणि परत येऊन घड्या घालू लागल्या. घातलेल्याच घड्या मोडून त्या पुन्हा घालत होत्या, हे बाकीच्या आयांनी पाहिलं. असा निर्दयपणा करायलाही माणसाला किती माया लागते, हे त्या बायांना वेगळं सांगायला नको होतं.

दुपारी तापीला झोप येईना. तेव्हा मात्र सुनंदाबाई पिलारजवळ गेल्या. तिचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि तापीच्या उजव्या पावलाखाली ठेवला. टाच तळव्यात कशी धरायची, अंगठ्याने खालून वर कसं हळूहळू चोळायचं, ते तिच्या हातावर आपला हात ठेवून दाखवलं. मग आपला हात काढून घेतला. पिलारचा चालू राहिला. तापी हुंदके देत देत झोपली, आणि सुनंदाबाई मागच्या अंगणात दोऱ्यांवरचे कपडे काढायला गेल्या.

लू तिथे येऊन उभी राहिली. सोबत हितेंद्रला ओढून आणलं होतं.

“अक्का, ती विचारतेय, तुम्ही तापीला ओ का देत नाही?”

“काम शे म्हना.”

हितेंद्रने सांगितलं. लूने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. मग ती बोलू लागली आणि हितेंद्र थांबून थांबून सांगू लागला.

“तीही दत्तक आहे अक्का. चीनमधली. तेरा महिन्यांची असताना हे दोघं तिला आणायला तिकडे गेले होते. एका हॉटेलच्या हॉलमध्ये रांगेने बाया आल्या, प्रत्येकीच्या कडेवर एक मुलगी. ज्यांची होती त्यांच्या हातात दिली आणि बाया निघून गेल्या. दुसरी मुलगीही त्यांना तिथूनच हवी होती, बरीच वर्षं थांबले, पण परदेशी लोकांना मूल द्यायचं तिकडचं दार आता बंद झालंय. म्हणून इकडे आले.” तो थांबला. लू त्याच्याकडे बघत होती, सगळं सांगितलं की नाही याची खात्री करत. “ती म्हणते, त्या दिवसाचा फोटो आहे तिच्याकडे. त्यात त्या बाईची फक्त निळी बाही आलीये. हॉटेलात ती दोन दिवस दाराकडे बघून एकच शब्द ओरडत होती, असं आई सांगते. त्या बाईलाच हाक मारत असेल. पण तो शब्द यांना कोणाला कळला नाही, आणि आता हिलाही आठवत नाही.”

सुनंदाबाईंच्या हातात एक झबलं होतं. त्यांनी ते उगाच झटकलं.

“ती विचारतेय, त्या बाईला वाईट वाटलं असेल का? की तिचं ते रोजचं काम होतं?”

सुनंदाबाईंनी पहिल्यांदाच त्या पोरीकडे नीट पाहिलं. हिलाही कोणीतरी तेल लावलं असेल. हिच्याही हाकेला कोणीतरी ओ दिली नसेल.

“सांग तिले,” त्या म्हणाल्या, “तुले हातमा देवानी येळे ती नही रडनी व्हई. घर जाईसन रडनी व्हई.”

हितेंद्रला हे सांगायला वेळ लागला. ऐकून लूने डोळे पुसले आणि फोन काढला. फोटो काढू का, तापी मोठी झाली की तिला दाखवीन, असं ती म्हणत होती. मॅडमची परवानगी मी घेतो, असं हितेंद्रने आपल्या पदरचं घातलं. सुनंदाबाईंनी हात पुसले, पदर सारखा केला आणि लग्नातल्या फोटोला उभ्या राहतात तशा ताठ उभ्या राहिल्या.

“खाले काय लिखी ती?” फोटो निघाल्यावर त्यांनी विचारलं.

“तुमचं नाव विचारतेय लिहायला.”

“नाव नको. मावशी लिख म्हना.”

तिसऱ्या दिवशी तापीने हाक मारणं सोडलं. सकाळी एकदा ती सुनंदाबाईंकडे बघून तोंड उघडून थांबली, आणि तोंड मिटून आपल्या खेळण्याकडे वळली. संध्याकाळी अंगणात धावताना ती पडली. पिलार एका बाजूला होती, सुनंदाबाई दुसऱ्या बाजूला, अंतर सारखंच. पोरीने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. सुनंदाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरले. तापी जागची उठली नाही. ती रडायला लागली, पण तीन वर्षांची पोर पडल्यावर जे नाव घेऊन रडते ते नाव त्या रडण्यात नव्हतं. नुसतं रडणं होतं. सुनंदाबाईंना वाटलं, आपण पोरीचं हे काय करून बसलो? होतं ते काढून घेतलं आणि हातात काही दिलं नाही. जीव असा तुटला की त्या एक पाऊल पुढे सरकल्याही. तेवढ्यात पिलार पोचली. तिने पोरीला उचललं, खाली बसली, चप्पल काढून उजवी टाच तळव्यात धरली आणि अंगठ्याने खालून वर चोळू लागली. तापीने तिच्या खांद्यात तोंड खुपसलं.

चौथ्या दिवशी गाडी आली. आयांनी तापीला नवा फ्रॉक घातला, कानामागे काजळाची तीट लावली. रूपाली मॅडमनी कागद दिले, आंद्रेसने सगळ्यांना हात जोडले. लूने सुनंदाबाईंना मिठी मारली. ती बरीच उंच होती, त्यामुळे सुनंदाबाईंचं तोंड तिच्या दंडाशी आलं. पिलारला काय बोलावं ते कळेना. तिच्याकडे दोनच मराठी शब्द होते आणि ते इथे वापरायचे नव्हते. तिने वाकून सुनंदाबाईंच्या पायांना हात लावला. कोणी शिकवलं होतं कोणास ठाऊक. सुनंदाबाईंनी तिला उठवलं आणि तिच्या कडेवरच्या तापीला हात न लावता त्या मागे सरल्या.

गाडीचं दार लागलं. काच खाली होती. पिलारच्या मांडीवर बसून तापीने पाण्याचा पेला मागितला. “आई,” म्हणाली. दोन्ही हातांनी धरून प्यायली. मग गाडी हलली तशी ती खिडकीतून बाहेर बघू लागली, एकेका आयाकडे, आणि सुनंदाबाईंवर तिची नजर थांबली.

“मावशी!” तिने हाक मारली.

“ओ,” सुनंदाबाई म्हणाल्या.

गाडी फाटकाबाहेर पडली, वळून महामार्गाच्या दिशेने गेली. बाकीच्या बाया आत गेल्या. सुनंदाबाई तिथेच उभ्या राहिल्या, आणि पुन्हा हाक आलीच तर ऐकू यावी म्हणून त्यांनी कानावरचा पदर मागे सारला.